आउटपुटचा रकाना

माझ्या लॅपटॉपवर एक स्प्रेडशीट आहे. फाइलचं नाव 'धाकटी – बडोदा'. तारीख, रक्कम, कशासाठी, असे तीन रकाने. खोलीचं भाडं, मेस, सत्राची फी, तैलरंगाच्या ट्यूबा, कॅनव्हास, एकदा दाढ काढल्याचे पैसे. चौथा रकाना मी नंतर घातला. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'आउटपुट'.

ती थट्टा होती असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ती थट्टा नव्हती. मग ते काय होतं, हे नीट समजून घ्यावं म्हणून हे लिहितोय.

आमचं घर इचलकरंजीचं. यंत्रमागांचं गाव. दिवसरात्र खडखडाट, आणि तो थांबला की माणसं दचकतात असं गाव. बाबा एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे, आई मेंडिंगला जायची. मेंडिंग म्हणजे मागावरून उतरलेलं कापड उजेडात ताणून तपासायचं. तुटलेला धागा, गाठ, विरळ पट्टा, तेलाचा डाग शोधायचा आणि जमेल तेवढं तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून पुण्यात हिंजवडीला लागलो. धाकटी माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला एलिमेंटरीला ए ग्रेड, इंटरमिजिएटला ए ग्रेड. गल्लीतल्या निम्म्या घरांत तिनं काढलेलं आजोबांचं नाहीतर आजीचं पोर्ट्रेट लावलेलं आहे. ते बघून प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "अगदी फोटोसारखं!" आमच्याकडे चित्राला याहून मोठी दाद नाही.

कोल्हापुरात पदवी झाल्यावर तिला बडोद्याला चित्रकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा एमव्हीए. बडोदा आपल्याला परकं नाही. सयाजीराव गायकवाडांचं गाव, त्यांच्याच नावाचं विद्यापीठ. १९५० मध्ये तिथं ललितकला विद्याशाखा सुरू झाली, आणि तिचा चित्रकला विभाग उभा करणाऱ्यांत इंदूरचे ना. श्री. बेंद्रे होते. पण फी, राहणं, सामान हे सगळं बाबांच्या आवाक्यातलं नव्हतं. ते तोवर घरी बसले होते. मी म्हटलं, मी बघतो. मला कुणी गळ घातली नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण न मागता दिलेल्या गोष्टीचा हिशेब माणूस जरा जास्तच काटेकोरपणे ठेवतो.

*

पहिल्या सत्रात तिनं पाच फुटी कॅनव्हासवर यंत्रमागाचा कारखाना रंगवला. पिवळट ट्यूबलाइट, हवेत तरंगणारी कापसाची तूस, दोन मागांच्या फटीतून वाकून धोटा बदलणारा माणूस. फोटो फॅमिली ग्रुपवर आला आणि तिथून गावभर गेला. बाबांच्या जुन्या शेटजींनीही अंगठा पाठवला.

मग तिची 'क्रिट' झाली. क्रिट म्हणजे आपलं काम भिंतीवर लावायचं आणि शिक्षक, वर्गातली मुलं त्याच्यासमोर उभं राहून बोलणार. आपण ऐकायचं, विचारलं तर उत्तर द्यायचं. त्या रात्री तिचा फोन आला. एका सरांनी बराच वेळ चित्र बघितलं आणि विचारलं, "हे काढायला घेण्याआधीच तुला पूर्ण दिसलं होतं का?" ती अभिमानानं हो म्हणाली. सर म्हणाले, "मग काढताना काय झालं?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्याकडे होतं. मला वाटलं, हे सर शब्दांचे खेळ करतायत. माझ्या कामात काय बनवायचं हे आधी पूर्ण दिसलेलं नसताना कोड लिहायला घेतलं तर मॅनेजर झापतो. आमच्याकडे प्रत्येक टिकेटवर 'अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया' लिहिलेले असतात. बटण दाबलं की अमुक व्हायला हवं, तमुक व्हायला नको. ते झालं की काम झालं. काम करताना 'काही झालं' तर त्याला आम्ही बग म्हणतो.

पण तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. तिनं कॅनव्हास थांबवले. फोनवर विचारलं की म्हणायची, "चाललंय." ग्रुपवर फोटो येणं बंद झालं. आई विचारायची, "चित्रं काढतेय ना?" आणि मी म्हणायचो, "काढत असेल."

*

पहिलं वर्ष संपताना मी रात्रीच्या गाडीनं बडोद्याला गेलो. स्टुडिओतल्या तिच्या कोपऱ्यात कागदांचा गठ्ठा होता, दोनशेच्या आसपास. कोळशानं काढलेले ठिपके, फराटे, पुसलेलं, परत काढलेलं, परत पुसलेलं. हीच मुलगी बारा वर्षांची असताना शेजारच्या आजींच्या गालावरची सुरकुती न सुरकुती उतरवायची, आणि आता तिचा हात काढणं विसरल्यासारखा दिसत होता.

आमच्या धंद्यात याला शब्द आहे, रिग्रेशन. नवीन काहीतरी घालताना आधी नीट चालणारं बिघडलं, तर ते रिग्रेशन. ते सापडलं की रिलीज थांबवतात. माझ्या मनात तोच शब्द आला. तोंडातून निघालं ते असं, "मागच्या वर्षीचं चांगलं होतं."

"हो," ती म्हणाली, "चांगलंच होतं."

मग आम्ही सेव उसळ खायला गेलो. वातावरण हलकं करायचं म्हणून मी मोबाइलवर ती स्प्रेडशीट उघडून तिच्यापुढे धरली. बघ, तुझ्या दाढेचीसुद्धा नोंद आहे. तिनं अंगठ्यानं वर-खाली केलं, उजवीकडे सरकवलं. चौथ्या रकान्यावर थांबली. पहिल्या सत्रासमोर मी लिहिलं होतं 'कारखाना – १'. त्याखाली सगळा रकाना रिकामा.

"यात काय लिहिणार आहेस, दादा?"

"तूच सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं नाही. पुढचे दोन महिने तिनं माझ्याकडून पैसेही घेतले नाहीत. ते कसे भागवले हे मला नंतर कळलं. ती ऑर्डरी घेत होती. फोटो पाठवा, पोर्ट्रेट मिळवा. नव्वदी गाठलेले आजोबा, नवं जोडपं, कुणाचा गेलेला कुत्रा. सगळी अगदी फोटोसारखी. रात्री ऑर्डरी, दिवसा झोप. कोळशाचे कागद पडून राहिले.

म्हणजे माझ्या रकान्यानं आपलं काम चोख केलं होतं. आउटपुट मागितलं, आउटपुट आलं. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावानं एक नियम ओळखला जातो: एखादं माप हेच उद्दिष्ट बनलं की ते माप म्हणून निकामी होतं. ऑफिसात हा नियम आम्ही कॉफी मशीनपाशी हसत-हसत सांगतो. किती टिकेटं बंद केली यावर रेटिंग ठरायला लागलं की एका टिकेटाची चार होतात, हे कुणाला माहीत नाही? तोच नियम मी स्वतःच्या बहिणीला लावला तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

*

मग मी वाचायला लागलो. काहीसा अपराधी वाटून, काहीसा वाद जिंकायचा म्हणून.

आर. जी. कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञाचं १९३८ चं 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' हे पुस्तक कारागिरी आणि कला यांत एक फरक करतं. कारागिराला काय बनवायचं ते आधी माहीत असतं. सुताराला टेबल माहीत असतं, मग तो लाकूड कापतो. कलावंताला आपल्याला काय म्हणायचंय ते म्हणून होईपर्यंत नेमकं माहीत नसतं. काम हीच ते शोधायची रीत. सरांचा प्रश्न हाच होता. पूर्ण दिसलेलं चित्र फक्त उतरवून काढलं असेल, तर त्या पाच फुटांत तिला नवीन काय कळलं?

हे मला माझ्या भाषेत असं पटलं. मशीन लर्निंगमध्ये 'ओव्हरफिटिंग' म्हणतात. मॉडेलनं सरावाची उदाहरणं इतकी घोटलेली असतात की त्यांवर ते पैकीच्या पैकी मार्क मिळवतं आणि नवं उदाहरण आलं की तोंडावर आपटतं. गाइड पाठ केलेल्या मुलासारखं. धाकटीचा हात वीस वर्षं 'फोटोसारखं' या एकाच शाबासकीवर घडला होता. ए ग्रेड, गल्ली, फॅमिली ग्रुप, मी. तो हात सैल करायचा तर काही काळ मार्क खाली जाणारच. मी ज्याला रिग्रेशन म्हणालो ते कदाचित पाठांतर सुटणं होतं.

तिच्या कोपऱ्यात भिंतीवर एका चित्राची झेरॉक्स चिकटवलेली होती. नुसत्या बारीक सरळ रेषा, कागदभर, कुठं दाट, कुठं विरळ. मी म्हटलं, हे मिनी ड्राफ्टरनं काढलंय. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ते अवजार खांद्याला लावून आम्ही हिंडलोय. त्या रेषा मी कुठंही ओळखेन. ते चित्र नसरीन मोहम्मदी यांचं होतं. १९३७ साली कराचीत जन्म, मुंबईत वाढ, लंडनमध्ये शिक्षण. १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत त्या बडोद्याला याच विद्याशाखेत शिकवत होत्या. गेल्या त्या आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं होतं. ड्रॉइंग बोर्ड, पट्टी, शाईचं पेन ही आमचीच साधनं घेऊन त्यांनी असं काही केलं, जे आमच्या एकाही शीटवर कधी झालं नाही.

मला अडकवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्यांनी बहुतेक चित्रांना नाव दिलं नाही आणि बहुतेकांवर तारीखही घातली नाही. मी गिट वापरणारा माणूस. आमच्याकडे कुणी, कधी, कुठली ओळ बदलली याची सेकंदासकट नोंद असते. इथं लॉगच नाही. कुठलं आधी, कुठलं नंतर, हे अभ्यासकांनी अंदाजानं लावायचं. शेवटच्या वर्षांत त्यांना मज्जासंस्थेच्या आजारानं गाठलं, शरीरावरचा ताबा सुटत गेला. तरी रेषा तलम राहिल्या. याचा प्रगतीचा आलेख काढा म्हटलं तर कुठल्या अक्षावर काय घ्यायचं?

*

इथं थांबून स्वतःला एक गोष्ट विचारायला हवी, कारण आतापर्यंतचं सगळं जरा सोपं झालंय. नसरीन मोहम्मदींचं उदाहरण देऊन धाकटीच्या फराट्यांचा बचाव करणं ही फसवणूक आहे. त्या थोर ठरल्या म्हणून आपल्याला माहीत आहेत. जे मागे गेले आणि मागेच राहिले, त्यांची झेरॉक्स कुणी भिंतीवर लावत नाही. जिंकलेल्यांचेच अनुभव गोळा केले की कुठलीही वाट बरोबर दिसते. म्हणून बचाव करायचाच असेल तर तो असा हवा, की धाकटीचं नाव उद्या कुणालाही माहीत नसलं तरी तो टिकावा.

आणि दुसरा, जास्त टोचणारा प्रश्न. मोजायचंच नाही म्हटलं तर आळस आणि शोध यांत फरक कसा करायचा? "मी अजून शोधतोय" हे वाक्य कुणीही दहा वर्षं म्हणू शकतो.

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते दिवाळीनंतर मिळालं, तिच्या खोलीवर. दोन महिने पोर्ट्रेटं करून ती कंटाळून कोळशाकडे परतली होती. मी सॉरी म्हणायला गेलो होतो. म्हटलंही, वाईट पद्धतीनं. ती म्हणाली, "बस, मला चाळायचंय." आणि तिनं तो गठ्ठा काढला. एकेक कागद उचलून दोन ढीग लावत गेली. मी विचारत गेलो, हा का नको? "इथं काय होणार ते मला माहीत होतं." हा? "इथं हात दाखवतेय, बघा मला किती येतं." हा? "हा सरांसाठी काढलाय." हा तर मला सुंदर वाटतोय. "हो, म्हणूनच. सुंदर झाला आणि तिथंच थांबला." अर्ध्या तासात दोनशेतले अकरा उरले. त्या अकरांतला एक मी जेवून येईपर्यंत तिनं आणखी काढून टाकला होता.

मी सात वर्षं कोड रिव्ह्यू करतोय. इतका निर्दय रिव्ह्यू मी कुणाचा केलेला नाही, स्वतःचा तर नाहीच. म्हणजे निकष होते. फक्त ते बाहेर कुठं लिहिलेले नव्हते, आणि कामाच्या आधी तयार नव्हते. प्रत्येक कागदागणिक ते थोडे बदलत होते, बारीक होत होते. पहिल्या सत्रात तिला विचारलं असतं की तुझ्या कारखान्याच्या चित्रात काय चुकलंय, तर ती म्हणाली असती, उजवीकडच्या माणसाचा कोपर. आता तिला चुकणं म्हणजे काय याचेच वीस प्रकार माहीत होते. आळशी माणसाचं ओळखायला सोपं असतं: त्याचं कधी काही चुकत नाही, कारण त्यानं टाकून द्यावं असं काही केलेलंच नसतं.

प्रगती या शब्दाला काही अर्थ उरत असेल तर मला तो इथं दिसतो. ठरलेल्या जागेच्या किती जवळ पोचलो, हा एक अर्थ. आईचं मेंडिंग त्यावर चालतं, माझं टेस्टिंगही. कापड कसं असायला हवं ते आधी ठाऊक असतं, त्यातून ढळलं की दोष. ते काम हलकं नाही. त्याच कामानं आम्हा दोघांना वाढवलंय. पण दुसऱ्या एका प्रकारच्या कामात माणूस स्वतःच्या चुका जास्त जास्त बारकाईनं ओळखायला लागतो, आणि पोचायची जागा त्या ओळखण्यातूनच ठरत जाते. याला बाहेरून माप लावलं की दोनच गोष्टी होतात. एकतर माप खोटं पडतं, नाहीतर माणूस.

*

उरतो तो पैशांचा प्रश्न, आणि तो मला टाळायचा नाही. मागे जायची मुभा फुकट मिळत नाही. कुणाचे वडील देतात, कुणाची शिष्यवृत्ती, कुणी स्वतःच. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्याला आले, चित्रकलेला नव्हे तर कलासमीक्षेला प्रवेश घेतला, आणि चित्रं काढत असताना बरीच वर्षं हिशेबनिसाची अर्धवेळ नोकरी करत राहिले. मला ते फार जवळचे वाटतात. दुसऱ्यांची खाती तपासून स्वतःच्या चित्रांसाठी सवड विकत घेणारा माणूस. आपली चित्रं कशी असावीत हे विचारायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नाही.

धाकटीची सवड मी विकत घेत होतो. मग माझा काही हक्क आहे की नाही? मला वाटतं, आहे. किती दिवस, किती रुपये, पुढे पोटापाण्याचं काय, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. आमच्यासारख्या घरात ते न विचारणं हा ढोंगीपणा ठरेल. पण "या पैशांत तू किती वाढलीस ते दाखव" हे विचारायचा हक्क नाही. ती कृतघ्न आहे किंवा कला पवित्र आहे म्हणून नव्हे. तो प्रश्न विचारला की ज्याच्यासाठी पैसे दिले तेच मोडतं, एवढं साधं कारण आहे. रोप किती वाढलं हे बघायला ते रोज उपटून बघतात का?

*

शेवटच्या वार्षिक प्रदर्शनाला मी आईबाबांना घेऊन गेलो. धाकटीनं कागदाच्या लांबलचक पट्ट्या टांगल्या होत्या. प्रत्येकीवर शाईच्या आडव्या रेषा, हातानं, पट्टी न लावता. पद्धत तिनं सांगितली. वर एक रेष काढायची. दुसरी तिच्याखाली, तिला जमेल तितकी धरून. पहिलीत हात जरा हलला असेल तर दुसरीत तो हेलकावा येतो, तिसरीत वाढतो. कुठं शाई संपली, फट पडली, तर खालची रेष त्या फटीला वळसा घालते. दुरुस्त करायचं नाही. खाली पोचेपर्यंत काय होणार हे तिलाही माहीत नसतं. सरांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आता भिंतीवर होतं. काढताना जे झालं, तेवढंच.

बाबा म्हणाले, "चांगलं आहे," आणि खुर्ची शोधायला लागले. आई मात्र हलेना. डोळे बारीक करून, कागदापासून चार बोटांवर हात धरून ती वरून खाली तपासत गेली, जसं तीस वर्षं तपासलं तसं. "इथं धागा तुटलाय," ती म्हणाली. "इथं गाठ आली." मग खालपर्यंत गेली. "हे मेंडिंगला आलं असतं तर मी परत पाठवलं असतं बघ."

"होय की," धाकटी म्हणाली.

"पण दोष कुठनं सुरू झाला ते दिसतंय," आई म्हणाली. "कापडात कधी कळायचं नाही." आणि पुढच्या पट्टीकडे गेली. सगळ्या पट्ट्या बघायला तिला पाऊण तास लागला.

ते काम थोर आहे का, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही कारखान्याचं चित्रच जास्त आवडतं; ते आमच्या हॉलमध्ये लावलंय. धाकटी आता बडोद्यातच एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात रेषा काढते. गेल्या तीन महिन्यांपासून ती मला दरमहा तीन हजार पाठवते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, स्प्रेडशीटमध्ये लिही.

लिहितो. चौथा रकाना मी काढून टाकला, पण त्यानं डोकं काही स्वच्छ झालेलं नाही. परवा अप्रेझल झालं. 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', म्हणजे अपेक्षा होती तेवढं केलं. रात्री तिचा फोन आला, तिनं विचारलं, "तुझं काय चाललंय, दादा?" मी या तिमाहीत बंद केलेली टिकेटं सांगायला लागलो. ती ऐकत होती. तिसऱ्या टिकेटावर मीच थांबलो. ती म्हणाली, "हं. आणि करताना काय झालं?"